बक्षीसपत्रावरचं नाव

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक छोटं विद्यापीठ होतं आणि त्याचा कारभार एका वृद्ध कुलगुरूंच्या हाती होता. माणूस मितभाषी. सभेत सर्वांत शेवटी बोलणार आणि सर्वांत कमी बोलणार. नीरजा ही त्यांची विद्यार्थिनी. शिकून ती तिथेच अर्थशास्त्राची प्राध्यापिका झाली. पाच वर्षांपूर्वी कुलगुरूंनी तिला वर्गातून काढून देणगी विभागाची प्रमुख केलं. "शिकवणं तुला येतं," ते म्हणाले होते, "आता मागायला शिक. विद्यापीठ चालवायचं तर दोन्ही यावं लागतं." पुढच्या उन्हाळ्यात कुलगुरू निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी नीरजाच येणार, असं नियामक मंडळातली मंडळी उघडपणे बोलू लागली होती.

नीरजाला मागता येऊ लागलं. पण त्याबरोबर एक अस्वस्थता तिच्या मागे लागली, ती काही केल्या जाईना. जेवताना फोन वाजला की ती घास टाकून उठे. लग्नाला गेली तर पंगतीत कोणाच्या शेजारी बसल्याने विद्यापीठाचं काम होईल, हे तिची नजर आधी शोधे. नवरा म्हणे, "तू घरी आलीस की मला सांगत जा, मला कळत नाही." ती हसे, आणि पुन्हा फोनकडे पाही.

या अस्वस्थतेला कारणही तसंच होतं. विद्यापीठात मुलींसाठी वसतिगृह नव्हतं. बाहेरगावच्या मुली बाजारपेठेतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. लग्नसराईत खाली बँड वाजत असे आणि वर मुली परीक्षेचा अभ्यास करीत. आदल्या वर्षी अकरा मुलींना त्यांच्या वडिलांनी शिक्षण अर्धवट सोडवून घरी नेलं. त्यांतल्या एकीला थांबवायला नीरजा एस.टी. स्टँडवर गेली होती. मुलगी गाडीत खिडकीशी बसली होती. गाडी हलेपर्यंत तिने नीरजाकडे पाहिलं नाही.

विद्यापीठाच्या कुंपणाला लागूनच एका तेलगिरणीच्या मालकाची मोकळी जमीन होती. गावात त्यांना सगळे शेठ म्हणत. ती जमीन मिळाली तर वसतिगृह उभं राहील, हे नीरजाने ओळखलं आणि तीन वर्षं शेठकडे खेटे घातले. पदवीदानाला त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दोन दिवस इस्पितळात त्यांच्या उशाशी बसली. शेठ प्रत्येक वेळी "बघू" म्हणत.

मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी शेठचा स्वतःहून फोन आला. "मॅडम, जमीन देतो. वर बांधकामाचा खर्चही देतो. वकिलाने बक्षीसपत्र तयार केलंय. उद्या तुमच्या कुलगुरूंना घेऊन या."

नीरजाने फोन ठेवला. तिने एस.टी.तल्या त्या मुलीच्या गावी त्याच दिवशी पत्र टाकलं, की जूनपर्यंत सोय होईल, परत ये.

दुसऱ्या दिवशी नीरजा आणि कुलगुरू शेठच्या घरी गेले. दिवाणखान्यात वकील कागद मांडून बसले होते. शेठच्या पत्नींनी चहा आणून ठेवला आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"अट एकच," शेठ म्हणाले. "सही आजच व्हायला हवी. उद्यावर ढकलायचं नाही."

"आजच करू," नीरजा म्हणाली.

कुलगुरूंनी चष्मा लावला आणि बक्षीसपत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. नीरजाला एकेक पान युगासारखं वाटत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेठ, एवढी घाई का?"

"घाई कसली? माझ्यामागे त्याला इथली एक वीटसुद्धा मिळता कामा नये, एवढंच. त्याने त्याची वाट धरली, मी माझी."

'तो' म्हणजे कोण, हे गावात सर्वांना माहीत होतं. शेठच्या एकुलत्या एका मुलाने, हर्षलने, चार वर्षांपूर्वी परजातीतल्या एका परिचारिकेशी लग्न केलं होतं. त्या दिवसापासून त्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"वसतिगृहाला नाव कोणाचं द्यायचं, ते यात लिहिलेलं दिसत नाही," कुलगुरू म्हणाले.

"काहीही द्या. माझ्या आईचं द्या."

"मी एक सुचवू?"

"सुचवा की."

"हर्षलचं देऊ. तुमच्या मुलाचं."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम निर्विकार. आवाज न चढवता ते म्हणाले, "मास्तर, चहा झाला असेल तर उठा आता."

कुलगुरूंनी नमस्कार केला आणि ते उठले. नीरजाने शेठकडे पाहिलं, त्यांच्या पत्नीकडे पाहिलं. तीही उठली.

गाडी नदीच्या पुलावर आली. मग तिला राहवेना. तिने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली, ती खाली उतरली आणि कठड्याशी येरझाऱ्या घालू लागली. कुलगुरूही काठी टेकत उतरले.

"सर, तुम्ही हे काय केलंत? तीन वर्षं मी त्या घराची पायरी झिजवली. नावच सुचवायचं होतं, तर सही झाल्यावर सुचवलं असतंत."

"सही झाल्यावर सुचवून उपयोग नव्हता."

"आणि त्या मुलींचं काय? जूनमध्ये त्यांना मी काय सांगू?"

"मुलींचं हे वर्ष माझ्यामुळे वाया जाईल," कुलगुरू म्हणाले. "तो दोष माझा. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

ते कठड्याला टेकले. मग संथपणे म्हणाले, "नीरजा, देणारा देताना कोणाकडे पाहतो आहे, ते मागणाऱ्याने पाहावं. शेठ आज आपल्याकडे पाहत नव्हते, त्या मुलींकडेही पाहत नव्हते. त्यांचं सगळं चित्त त्यांच्या मुलावर होतं. त्यांना कोणावर तरी दगड भिरकावायचा होता आणि हाताशी आपलं विद्यापीठ आलं. राग वरवरचा असता, तर मुलाचं नाव ऐकून ते थबकले असते. त्यांनी आपल्याला उठवलं, म्हणजे राग खोल आहे. एका बापाने ज्या कागदावर स्वतःचं लेकरू पुसून टाकलं, तो कागद हाती धरून दुसऱ्यांच्या लेकरांना मी कसं सांगू, की निर्धास्त झोपा, हे तुमचं घर आहे?"

"दुसरी संस्था घेईल ती जमीन."

"घेईल. घ्यावी की न घ्यावी, ते त्यांनी ठरवावं."

नीरजाला यातला एकेक शब्द समजला, पण मन शांत झालं नाही. उलट आता फोन वाजला नाही तरी ती दचकू लागली.

जमिनीचं मात्र नीरजा म्हणाली होती तसंच झालं. पंधरा दिवसांत ती जमीन दुसऱ्या एका शिक्षणसंस्थेला गेली आणि महिन्याभरात पाया खणला गेला. विद्यापीठाच्या कुंपणापलीकडे दिवसभर खडी फुटत राही आणि नीरजाच्या खोलीच्या काचा हादरत. तिने खिडकी लावून घेतली तरी आवाज येई. कुलगुरू निवृत्त व्हायच्या आधी मंडळाची बैठक झाली. एका सभासदाने तिला सरळ विचारलं, "हातात आलेली जमीन गेली कशी? तुम्ही तिथे होतात ना?"

'ते कुलगुरूंनी केलं,' असं म्हणण्याची तिला मुभा होती, त्यांनीच दिली होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"मी होते तिथे," ती म्हणाली. "मला विचाराल तर मी सही घेतली असती. पण सरांनी जे विचारलं, ते विचारण्यासारखं होतं आणि तीन वर्षांत मी ते एकदाही विचारलं नव्हतं."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात कुलगुरूपदासाठी दुसऱ्या शहरातल्या एका गृहस्थांची निवड जाहीर झाली. नीरजा देणगी विभागातच राहिली. वृद्ध कुलगुरू आपल्या पुस्तकांच्या चार पेट्या घेऊन गावातल्या बहिणीकडे राहायला गेले.

त्या जमिनीवरची इमारत वर्षाच्या आत उभी राहिली. उद्घाटनाचं आमंत्रण नीरजालाही आलं. न जावं असं शंभरदा मनात आलं, तरी ती गेली. इमारत चांगली होती. खोल्या हवेशीर होत्या, मुली आनंदात होत्या. दर्शनी भिंतीवर शेठच्या आईचं नाव होतं. नीरजा मागच्या रांगेत बसली आणि भाषणं संपायच्या आत बाहेर पडली. चूक कोणाची होती, हे तिला अजूनही ठरवता येत नव्हतं.

फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याशी एक तरुण लहान मुलीला कडेवर घेऊन उभा होता.

"तुम्ही नीरजा मॅडम ना?" तो म्हणाला. "मी हर्षल."

नीरजाने विचारलं, "आत नाही आलात?"

"मला बोलावणं नाही. आई आत आहे, तिला न्यायला आलोय. हल्ली ती महिन्यातून चार दिवस आमच्याकडे येते."

"कधीपासून?"

"तुमचे कुलगुरू बाबांच्या घरी आले होते, त्या दिवसापासून." त्याने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "चार वर्षं त्या घरात माझं नाव निघालं नव्हतं, मॅडम. आईसुद्धा घेत नव्हती. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर ती बाबांना म्हणाली, परका माणूस येऊन माझ्या मुलाचं नाव घेतो आणि मी आई असून तोंड शिवून बसते. संध्याकाळी तिचा मला फोन आला."

"आणि शेठ?"

"ते तसेच आहेत. माझ्याशी बोलत नाहीत. पण आईला अडवतही नाहीत." त्याने मुलीच्या पायांकडे बोट दाखवलं. "मागच्या खेपेला आईच्या पिशवीत हिच्यासाठी चांदीचे वाळे निघाले. आई म्हणते, मी नाही ठेवले."

नीरजा त्या मुलीच्या पायांकडे पाहत राहिली. तिथून ती घरी गेली नाही. थेट वृद्ध कुलगुरूंकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. दाराशी त्या बाई उभ्या होत्या, हेसुद्धा मला आता आठवतंय. त्यांच्याशी मी एक शब्द बोललो नाही."

"मग तुम्ही नाव घेतलंत कशासाठी?"

"मला ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नाही असं दाखवून सही घेववेना. एवढंच. त्यातून पुढे काय होईल, हे मला दिसत होतं असं समजू नकोस. तुझी खुर्ची गेली, त्या मुलींचं वर्ष गेलं, तेही खरंच आहे."

"हो," नीरजा म्हणाली. "तेही खरं आहे."

दोघं ओसरीवर बसून राहिली. बहिणीने ताटं केली. त्या दिवशी जेवताना नीरजाचा फोन दोनदा वाजला आणि तिने पूर्ण जेवण करून मग तो उचलला.

विद्यापीठाचं स्वतःचं वसतिगृह पुढे तीन वर्षांनी झालं. एका मोठ्या देणगीतून नाही, एकेक खोली करत. प्रत्येक खोलीमागे नीरजा एकेका घरात जाऊन बसली आणि देणाऱ्याला आधी त्याच्या घरातल्या माणसांविषयी बोलू दिलं. एका घरातून ती स्वतःच नको म्हणून उठून आली. अस्वस्थता तिला शेवटपर्यंत सोडून गेली नाही. एस.टी.च्या खिडकीशी बसलेली ती मुलगी परत आली नव्हती, आणि नीरजा ते विसरायला तयार नव्हती.

समोर आलेला हात किती भरलेला आहे, हे कोणालाही दिसतं. तो कोणाच्या दिशेने उगारलेला आहे, हे पाहायला मात्र मागणाऱ्याला क्षणभर स्वतःची गरज विसरावी लागते.