बेशुद्ध माणसाने बोलायचे नसते

एकदा एका बंदरगावी एक वृद्ध उस्ताद दोरावरची विद्या शिकवीत असत. ही विद्या डोंबाऱ्याची नव्हे. उंच धुराडी, तेलाच्या टाक्या, पुलांची पोटे, जिथे शिडी पोहोचत नाही आणि परांची बांधणे परवडत नाही, तिथे दोराला लटकून गंज खरवडायचा, जोड तपासायचे, रंग द्यायचा, अशी ही पोटापाण्याची विद्या. सहा दिवस शिकायचे. सातव्या दिवशी बाहेरचा परीक्षक येई आणि तो पास म्हणाला तरच प्रमाणपत्र मिळे. प्रमाणपत्राशिवाय चांगला कारखाना माणसाला फाटकाच्या आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

उस्तादांची शाळा म्हणजे एक रिकामे गोदाम. तुळयांवरून दोर सोडलेले असत, तेही जोडीजोडीने. एक दोर कामाचा आणि दुसरा राखीव, म्हणजे पहिल्याने दगा दिला तर दुसऱ्याने धरायचे.

त्या खेपेच्या शिष्यांत हणमंत नावाचा एक तरुण होता. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातला, लहानपणापासून कडे चढलेला. इतरांना जे तीनदा सांगावे लागे ते त्याला एकदा पुरे होई. हे त्याला स्वतःलाही ठाऊक होते, आणि अडचण असलीच तर ती तेवढीच होती. दुसरा होता गोरक्ष. चाळिशीला टेकलेला, अंगाने जड, अर्धे आयुष्य इमारतींना रंग देण्यात गेलेले. तो मनापासून शिके, पण सावकाश.

चौथ्या दिवशी सुटकेचा धडा आला. जोडीदार दोरावर बेशुद्ध झाला तर त्याला खाली कसे आणायचे, हा तो धडा. पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साचू लागते आणि थोड्याच वेळात जिवावर बेतू शकते, म्हणून घाई करावी लागते. पण त्याच्या छातीवरची पकड, म्हणजे दोर धरून ठेवणारा लोखंडी चिमटा, दोराला चावून बसलेली असते आणि त्याचे वजन उचलल्याशिवाय ती सुटत नाही. ऐंशी किलोचा माणूस अधांतरी उचलायचा कसा?

उस्तादांनी दोनदा करून दाखवले. हणमंतच्या ते पहिल्याच वेळी ध्यानात आले. हातांनी ओढायचेच नाही. वरच्या कडीतून एक आखूड दोरी ओवायची, एक टोक जोडीदाराला बांधायचे, दुसऱ्या टोकाच्या फासात आपला पाय घालायचा आणि त्या पायावर सगळा भार टाकून उभे राहायचे. तराजूचे एक पारडे खाली गेले की दुसरे आपसूक वर येते. गोरक्षही दोरी ओवी, पायही फासात घाली, पण ऐन वेळी भार दंडांवर घेई. घामाघूम होई आणि पकड जिथल्या तिथे राही.

जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारले, "हणमंता, तू एवढं चटकन कसं उचलतोस रे? माझं कुठं चुकतंय?"

"सरावानं येतं, दादा," हणमंत म्हणाला आणि भाकरी मोडू लागला. पलीकडेच उस्ताद जेवत बसले होते.

उत्तर खोटे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. एका ठेकेदाराने धुराड्याच्या कामासाठी या शाळेतून एकच माणूस मागितला होता. काम वर्षभराचे होते, आणि हणमंतला गावी परतून पुन्हा पाहुण्यांच्या पिशव्या गडावर वाहायच्या नव्हत्या. आपल्या हाताने आपला प्रतिस्पर्धी कोण तयार करील, असा त्याचा हिशेब होता. हिशेब तुमच्या-माझ्यासारखाच, त्यात राक्षसी काही नाही.

सहाव्या दिवशी सकाळी उस्तादांनी एक विचित्र गोष्ट केली.

"हणमंत, वर चढ," ते म्हणाले. तो पंधरा फुटांवर जाताच म्हणाले, "थांब. आता तू बेशुद्ध. मान टाक, हातपाय सोड." मग मागे वळून त्यांनी हाक मारली, "गोरक्ष, याला खाली आण. बाकी कुणी दोराला हात लावायचा नाही."

शिष्यांनी एकमेकांकडे पाहिले. ज्याला ही गोष्ट मुळीच जमत नव्हती, नेमका त्यालाच पाठवले होते.

"उस्ताद, याच्यापेक्षा दुसरं कुणी..." हणमंत वरून म्हणाला.

"बेशुद्ध माणूस बोलत नाही," उस्ताद म्हणाले.

गोरक्ष शेजारच्या दोरावर चढला. त्याने दोरी ओवली, पाय फासात घातला आणि नेहमीप्रमाणे हातांनी ओढू लागला. हणमंतला आधी त्याचा राग आला. मग मांड्यांवरचे पट्टे रुतू लागले, पायांना मुंग्या आल्या आणि रागाची जागा भीतीने घेतली. गोरक्षचा श्वास त्याच्या कानाशी फुलत होता. तीन शब्दांचे काम होते, पायावर उभा राहा, एवढेच. ते शब्द हणमंतच्या ओठांपर्यंत आले होते, आणि ते आता उच्चारायचे नव्हते. तेव्हा मात्र त्याला स्वतःची लाज वाटली.

"जरा धीर धर हां, हणमंता," गोरक्ष पुटपुटत होता. "आणतो तुला. आणतोच."

उस्तादांची नजर घड्याळावर होती. त्यांनी स्वतः पट्टे चढवलेले होते आणि दोरांची तिसरी जोडी मोकळी ठेवली होती, पण मान टाकलेल्या हणमंतला ते दिसले नव्हते. सहावे मिनिट भरताच ते वर गेले आणि अर्ध्या मिनिटात त्याला खाली घेऊन आले. हणमंत भिंतीला टेकून बसला. बधिर झालेले पाय तो चोळू लागला.

उस्ताद त्याच्याजवळ बसले. "तुझ्याइतकं चटकन इथं कुणी शिकलं नाही. उद्या तू पास होणार, हे मी आजच सांगतो. पण सुटकेची विद्या स्वतःसाठी वापरता येत नाही बाळा. मी चाळीस वर्षं दोरावर काढली, मलाही येत नाही. तुझं प्रमाणपत्र गोरक्षला वाचवील. तुला वाचवील ते गोरक्षचं. परवा जेवताना त्यानं तुला विचारलं होतं. तेव्हा तू शुद्धीवर होतास."

दुपारी पायांत बळ आल्यावर, उस्तादांनी तपासून होकार दिल्यावर, हणमंत आपण होऊन दोरावर चढला.

"दादा, या. हातांनी ओढू नका. फासात पाय घालून नुसते उभे राहा, सगळं अंग त्या पायावर सोडा. तुमचं वजन माझ्यापेक्षा जास्त आहे, तुम्हाला तर हे सोपं जाईल."

गोरक्ष खालून त्याच्याकडे पाहत राहिला. "हे परवा का नाही सांगितलंस?"

"ठेकेदार एकालाच नेणार होता म्हणून. चुकलो, दादा."

गोरक्षने पट्टे आवळले आणि विचारले, "कोणता पाय आधी घालू?"

संध्याकाळपर्यंत त्याने हणमंतला पाच वेळा खाली आणले. शेवटच्या खेपेला पकड अशी अलगद सुटली की दोघांनाही हसू आले.

सातव्या दिवशी दोघे पास झाले. ठेकेदार आला, त्याने परीक्षकाचे शेरे वाचले आणि कागद हणमंतपुढे ठेवला. "सही कर. सोमवारपासून काम."

हणमंतने पेन घेतले आणि विचारले, "माझ्याबरोबर वर कोण असेल?"

"आहेत की आमची माणसं. जुनी आहेत."

"त्यांना मला खाली आणता येईल?"

"अरे, असं काही होत नाही सहसा."

हणमंतने सही न करताच पेन कागदावर ठेवले आणि कोपऱ्यात दोर गुंडाळत बसलेल्या गोरक्षकडे बोट दाखवले. "त्यांना येतं. ते येणार असतील तर मी येतो."

ठेकेदाराने उस्तादांकडे पाहिले. मग त्याने पिशवीतून दुसरा कागद काढला आणि गोरक्षचे पूर्ण नाव विचारले.

आपल्याला येते ते आपण कुणापासून राखून ठेवतो, हे ज्याने त्याने शुद्धीवर असतानाच एकदा पाहून घ्यावे.