केरबाची बिनरेघेची पाटी

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा एक पेंटर होता. त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती आणि त्याच्या अक्षरालाही नव्हती. शिरोरेघ तो कधी ओढायचाच नाही. वेलांट्या पतंगाच्या शेपटीसारख्या लांबवायचा. घाईत चिठ्ठी खरडावी तसं ते सैल, तिरकं अक्षर. पण बघणाऱ्याला हसू यायचं. रसवंतीची पाटी, सलूनची काच, बारशाचा फलक, सगळीकडे केरबाच. लोकांनी फार डोक्यावर घेतलं की माणसाचं भान सुटतं. केरबाचं तेच झालं.

नदीच्या वळणावर एक डोह होता. वरून पाणी शांत दिसे, आत भोवरा होता. सरपंच आक्काताईंनी केरबाला बोलावलं.

"डोह खोल आहे, पाण्यात उतरू नका. एवढंच लिही, केरबा. आणि सरळ लिही."

"सरळ तर कुणीबी लिवतंय, आक्का," केरबा हसून म्हणाला.

त्याने आपल्याच वळणाने पाटी रंगवली. निळ्यावर पिवळी अक्षरं, खाली लाटा, कोपऱ्यात एक मासा. गावाने वाहवा केली. आक्काताईंच्या कपाळावर मात्र आठी पडली. ती आठी केरबाच्या मनात रुतून बसली. घास गोड लागेना, एका जागी बसवेना. पाटी बदलावी असं वाटे, पण मग वाहवा आठवे. आज बदलू, उद्या बदलू म्हणत पाटी तशीच राहिली.

त्याची लेक हौसा लग्नानंतर माहेरी आली होती. तिला न्यायला जावई पहिल्यांदाच गावात येणार होता. एसटीची वेळ टळून गेली. हौसा उंबऱ्यात उभी, आणि केरबाच्या घर ते रस्ता अशा येरझारा चालू. शेवटी राहवेना म्हणून तो फाट्याकडे निघाला.

वळणावर आरडाओरडा ऐकू आला. जावई धूळ धुवायला डोहात उतरला होता आणि भोवऱ्याने त्याला ओढलं होतं. तानू परटीण खालच्या घाटावरून ओलं लुगडं घेऊन धावत आली. तिने ते पाण्यात फेकलं. दोघांनी जीव खाऊन ओढलं, तेव्हा कुठे तो काठाला लागला.

"पाव्हणं, पाटी दिसली न्हाई व्हय?" केरबाने त्याला सावरत विचारलं.

"दिसली की, मामा. लई झ्याक हाय. वाचत कोण बसतंय? मला वाटलं, फुडं रसवंती असंल."

केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचं कुंकू त्याच्या त्या झ्याक अक्षरापायी पुसलं जाणार होतं.

त्याच दुपारी त्याने पाटी उतरवली. पांढऱ्यावर काळं लिहिलं, वर जाड शिरोरेघ ओढली. हात वळवळत होता, त्याने तो आवरला. या पाटीची कुणी वाहवा केली नाही. पण लोक तिच्यापाशी थबकू लागले.

पुढे रसवंतीवाला विचारायला आला, "केरबा, माझी पाटीबी आता तशीच करणार काय?"

"छे," केरबा म्हणाला. "तुझ्याकडं माणसं आत यायला पायजेत."

तात्पर्य: आपली कला कुठे मिरवावी आणि कुठे आवरावी हे ज्याला कळत नाही, त्याच्या हौसेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.