सगुणाबाईची ओटी

गुरं सीमेपलीकडे गेली म्हणून मानाजीराजाने वरदगडचे गुराखी धरून नेले आणि त्यांना सुळी द्यायचं ठरवलं. त्यांना सोडवायला वरदगडची वकील म्हणून सगुणाबाई आली. परक्या दरबारांत समेट घडवण्यातच तिचा जन्म गेला होता.

राजा मिशीत हसला. "बायकांशी मी राजकारण बोलत नाही. तू मला लेकीसारखी. आत राणीसाहेबांकडे जेव आणि घरी जा."

सगुणाबाई मुकाट आत गेली, जेवली आणि परत येऊन तिने राजापुढे पदर पसरला.

"आबासाहेब, लेक निघाली. तिची ओटी भरा."

"काय घालू?"

"माझे गुराखी."

भर दरबारात तिला लेक म्हटलं होतं. आता रिकाम्या ओटीने धाडायचं कसं? राजाने ओठ चावत गुराखी सोडले.

निघताना राणीने खण-नारळाने तिची ओटी भरली आणि मायेनं विचारलं, "तुझ्या खऱ्या माहेरी कधी गेली होतीस गं?"

"आई दर दिवाळीला माझ्यासाठी खण काढून ठेवायची, राणीसाहेब. मी दर दिवाळीला कुठल्या तरी दरबारात. यंदा गेले, तर भावजयीने ते सगळे खण पुढ्यात ठेवले. ओटी भरणारी तेवढी नव्हती."