खारीने चारोळ्या का दिल्या नाहीत

मुलांनो, साग, ऐन आणि मोहाच्या दाट झाडीत, नदीच्या अलीकडच्या काठाला एक खार राहत असे. एका जुन्या मोहाच्या ढोलीत तिचे घर होते. उन्हाळाभर ती चारोळ्या वेचून ढोलीत साठवी, कारण पावसाची झड लागली की खारीला दाणापाणी मिळवायला बाहेर पडता येत नाही. खार कष्टाळू होती, नेटकी होती. पण दुपारी काम आटोपले की ती फांदीच्या टोकाला जाऊन बसे आणि नदीपलीकडे पाहत राही.

तसे पाहण्याला कारण होते. ती लहान असताना या रानात वेलींचा एक खेळ होता. एका म्हाताऱ्या वानरीने तो बांधला होता. जाड जाड वेली झाडाझाडांतून ओढून तिने झोके केले होते, पूल केले होते, मध्येच संपणाऱ्या फसव्या वाटाही केल्या होत्या. नदी तेव्हा अरुंद होती आणि खेळाची शेवटची वाट नदीवरून जाऊन पलीकडच्या जांभळीवर उतरत असे. रानातली सगळी पिल्ले तिथे खेळत. खार आणि तिची धाकटी बहीण तर दिवस दिवस जमिनीला पाय लावत नसत. एकीची वाट चुकली की दुसरी चिरचिर करून तिला हाक देई.

मग एके वर्षी मोठे वादळ झाले. झाडे उन्मळून पडली, वेली तुटल्या, काठ ढासळले आणि नदीचे पात्र रुंद झाले. त्या दिवशी धाकटी पलीकडच्या जांभळीवर होती. ती तिकडेच राहिली. वानरीही पुढे फार दिवस जगली नाही, आणि तो खेळ पुन्हा कोणी बांधला नाही.

उन्हाळ्यात पाण्याचा आवाज मंदावला की कधीकधी पलीकडून चिरचिर ऐकू येई. ती बहिणीची की दुसऱ्याच कोणा खारीची, हे एवढ्या लांबून कळत नसे. तरी खार प्रत्येक वेळी उत्तर देई.

अशाच एका उन्हाळ्यात एक तरुण वानर रानातल्या मोठ्या खडकावर चढला आणि त्याने सगळ्यांना बोलावले. वानर मनाने चांगला होता. बोलायला लागला की ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर चित्र दिसे. तो म्हणाला, "मी वानरीआजीचा खेळ पुन्हा बांधणार! तसाच, आणि त्याहून मोठा! पण वेली तोडायला, ओढायला मला सोबती लागतील, आणि कामाला आलेल्यांना खाऊ घालावं लागेल. तेव्हा ज्याने त्याने आपल्या साठ्यातलं थोडं आधी द्यावं. जो देईल त्याचं नाव या खडकाशेजारच्या कदंबाच्या खोडावर कोरलं जाईल. जो जास्त देईल त्याला पहिला झोका!"

मग त्याने गेरूचा खडा घेऊन खडकावर अख्खा खेळ काढून दाखवला. काय सुंदर काढला होता! झोके, पूल, वळणे, सगळे जणू आताच हलू लागेल. ज्यांनी जुना खेळ पाहिला होता त्यांचे डोळे पाणावले. ज्यांनी पाहिला नव्हता ते पुढे सरकले.

सशाने त्याच संध्याकाळी आपली कंदमुळे आणून टाकली. साळिंदराने कंद दिले, मोराने दाणे दिले. कदंबाखाली रास उभी राहिली. कावळ्याला तर नवेच काम मिळाले. तो रानभर ओरडत फिरू लागला, "आणखी थोडं जमू द्या, धबधब्यामागची गुहासुद्धा खेळात येणार! आणखी जमू द्या, काजव्यांचं दालन होणार!"

खार मात्र फांदीवर बसून ऐकत होती. ससा तिचा शेजारी. तो मोहाखाली येऊन म्हणाला, "खारूताई, सगळ्यांनी दिलं. तू अजून का दिलं नाहीस? तुला खेळ नको आहे का?"

"हवा आहे," खार म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त हवा आहे. म्हणूनच जरा थांबले आहे."

"हे काय भलतंच! हवा आहे तर द्यावं की."

"ससेभाऊ, तहान फार लागली की मृगजळसुद्धा तळं दिसतं. तो बोलत होता ना, तेव्हा मला त्याचा एकही शब्द नीट ऐकू येत नव्हता. मला नुसता जुना खेळ दिसत होता. अशा वेळी माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही."

सशाला हे पटले नाही. "तू फार विचार करतेस," एवढे म्हणून तो उड्या मारत निघून गेला. पुढे रानात कुजबुज सुरू झाली. खार चिक्कू आहे, खारीला कशाची हौस नाही, असे जो तो म्हणू लागला. ते तिच्या कानावर येई. हौस नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांना ती दुपारी कुठे बसते हे कुठे ठाऊक होते!

एके दिवशी कावळा ओरडत आला, "ऐका हो ऐका! आणखी रास वाढली तर पूल नदीपार जाणार! पलीकडच्या जांभळीपर्यंत!"

नदीपार! ती धावत ढोलीत शिरली. गालांत मावतील तेवढ्या चारोळ्या तिने भरल्या, आणि बाकीच्या नेण्यासाठी पुन्हा यायचे असे ठरवून फांद्यांवरून उड्या घेत कदंबापाशी पोहोचली. वाटेत ती मनाने केव्हाच पलीकडे गेली होती. धाकटी आता केवढी झाली असेल? तिला पिल्ले झाली असतील का? ती आपल्याला ओळखेल का?

कदंबापाशी वानर खडकावरच्या चित्रात नदीवरचा पूल काढत होता. कामाला आलेल्यांपैकी काही जण वेली ओढून आणत होते, काही राशीतले खात बसले होते. खारीने चारोळ्या पानावर ठेवल्या, पण त्यांवरून हात काढला नाही.

"वानरदादा," ती म्हणाली, "पूल नदीपार खरंच जाईल?"

"म्हणजे काय! वेल लांब हवी, एवढंच."

"आणि अलीकडचे झोके? ते कुठे आहेत? मला एकदा बघू दे तरी."

वानराने हसून हात हलवला. "ते बांधायला घेतले होते. पण मग गुहेचं ठरलं, म्हणून सोडून पुन्हा वेगळे बांधायला घेतले. आता पुलाचं ठरलंय, तेव्हा ते सगळं परत बदलेल. आधी वेस बघ, वेस! कशी झाली आहे?"

खारीने वर पाहिले. दोन सागांमध्ये वेलींची एक कमानदार वेस उभी होती. तिला पळसाची फुले, मोराची पिसे, रंगीत शेंगा लावल्या होत्या. तिच्यापलीकडे नेहमीचेच रान होते.

"तू आजवर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारा एक तरी पूल पुरता बांधला आहेस का?" खारीने हळूच विचारले.

"छोट्या गोष्टींत वेळ घालवला तर मोठी कधी होणार?" वानर म्हणाला. त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. "आजी काय सांगून बांधत होती? मी तर सगळं आधी सांगतोय!"

तेव्हा खारीला आठवले की म्हातारी वानरी काहीच सांगत नसे. एखाद्या सकाळी पिल्ले जात तेव्हा नवा झोका टांगलेला असे, आणि ती स्वतः त्यावर बसून आपल्या वजनाने तो तुटतो का ते पाहत असे.

चारोळ्या ठेवून जाणे किती सोपे होते! ठेवल्या असत्या तर निदान आजचा दिवस, उद्याचा दिवस ती पुलाची वाट पाहत आनंदात राहिली असती. पण पावसाळ्यात ढोली रिकामी असती आणि नदी तेवढीच रुंद असती. तिने एकेक चारोळी पुन्हा गालांत भरली.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "तू बांध. झालं की मी येईन. सगळ्यांत आधी येईन."

"सगळे असंच म्हणाले तर होणार कसं?" वानर दुखावून म्हणाला.

खार माघारी वळली. परतताना तिला वाटले, आपण आपल्या हातांनी धाकटीला पुन्हा एकदा पलीकडे सोडून आलो.

त्यानंतर ती रोज वेशीकडे पाही. मुलांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगतो. खारीला आपले म्हणणे खरे ठरायला नको होते. आपण चुकावे, वानराने पूल बांधावा, सगळ्यांनी आपल्याला हसावे, आणि त्या हसण्यातून वाट काढत आपण नदीपार पळत सुटावे, असे तिला मनापासून वाटत होते. एवढ्या आशेने क्वचितच कोणी स्वतःच्या चुकीची वाट पाहिली असेल.

पण आभाळ भरून आले. कदंबाखालची रास कामाला आलेल्यांनी खाऊन संपवली होती, उरली ती ओलीने कुजली. झोके अर्धे सुटलेले, अर्धे बांधलेले लोंबत राहिले. जोराच्या वाऱ्याने वेशीची पिसे उडून गेली. कावळा दुसऱ्या रानात बातम्या सांगायला निघून गेला. वानर कोणाला तोंड दाखवेना.

झड लागली तेव्हा रानातल्या पुष्कळांच्या बिळात खायला काही नव्हते. ससा भिजत मोहाखाली येऊन उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "खारूताई, मागायला जीभ रेटत नाही."

"मग मागू नकोस," खार म्हणाली आणि तिने चारोळ्यांचा ढीग खाली लोटला. "साळिंदरालाही ने."

"तू बोलली होतीस..."

"जाऊ दे ते. मलाही पूल हवाच होता रे." एवढे बोलून ती ढोलीत गेली. बाहेर नदी फुगून घोंघावत होती. त्या आवाजात पलीकडचे काही ऐकू येणे शक्यच नव्हते.

झड थोडी उघडली तेव्हा वानर आला. अंगावरचे केस चिंब, पोट खपाटीला गेलेले. तो लांबच्या फांदीवर बसला.

"मी कोणाला फसवलं नाही गं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला. आधी तूच तुझ्या बोलण्याला भुललास." खारीने मूठभर चारोळ्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "खा."

वानराने खाल्ले. खाता खाता त्याला रडू आले. "सगळे नुसते जमत होते, टाळ्या वाजवत होते. मी एक बोललो की दुसरं मागत होते. मला वाटलं, बोललं की अर्धं झालंच. आता मी काय करू?"

"दोन झाडं घे," खार म्हणाली. "दोनच. कोणाला सांगू नकोस."

वानर उठून निघून गेला.

पाऊस सरला. रानात तेरड्याची फुले आली. एका सकाळी खार ऐनावरून चालली होती, तर तिला ऐनापासून शेजारच्या सागापर्यंत वेलींचा एक पूल दिसला. ना फुले, ना पिसे. गाठी ओबडधोबड होत्या, पण घट्ट होत्या. वानर मध्यावर बसून जोरजोराने उड्या मारत होता, पूल तुटतो का ते पाहत होता. खारीला पाहून तो ओशाळला आणि बाजूला झाला.

खारीने एक पाऊल टाकले. पूल डुलला. दुसरे टाकले. मग ती धावली. मध्यावर आल्यावर वेलीचा तो ओला, हिरवा वास नाकात शिरला आणि ती थबकली. तो जुना खेळ नव्हता. त्या खेळातले कोणीही इथे नव्हते. पण पायाखाली वेल होती आणि तिने खारीचे वजन पेलले होते. कितीतरी वेळ ती तिथेच डुलत बसली.

मग ती उठली, घरी गेली आणि ढोलीत उरलेल्या चारोळ्यांतल्या चांगल्या निवडून घेऊन आली.

वानर गडबडला. "आता कशाला? आता तर बांधून झाला."

"म्हणूनच देते आहे. तेव्हा मागितल्यास त्या माझ्या आशेच्या होत्या. या तुझ्या गाठींच्या आहेत."

वानराने त्या घेतल्या. खाल्ल्या मात्र नाहीत, ओंजळीत धरून बसला. थोड्या वेळाने नदीच्या दिशेने पाहत म्हणाला, "खारूताई, तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. पण इथून काठापर्यंतच केवढी झाडं आहेत! आणि पुढे ते एवढं पाणी. होईलच असं आता मी म्हणणार नाही."

"म्हणू नकोस," खार म्हणाली. "उद्या पुढचं झाड घे."

तात्पर्य : मन जिथे सर्वांत जास्त ओढ घेते, तिथेच पाऊल सर्वांत जपून टाकावे, आणि पदरचे द्यायचे तर गोड बोलण्याला न देता केलेल्या कामाला द्यावे.