डोहात ठेवलेली अंबाडी

वाचणाऱ्या लहानमोठ्या सगळ्यांना नमस्कार. मी शाळा लवकर सोडली. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट जमत नाही, आणि भारी शब्दही येत नाहीत. जिथे चुकले असेल तिथे सांभाळून घ्या. चारचौघांत उभे राहून सांगायला गेलो की माझा घसा कोरडा पडतो, म्हणून लिहून देतो आहे. गोष्ट मात्र आनंदाची आहे, सुरुवातीला तशी वाटली नाही तरी.

फार जुन्या काळी, राजाची दवंडी जिथे पोचेपर्यंत विरून जायची अशा एका आडबाजूला, दोर वळणाऱ्यांचे एक गाव होते.

गावाला एक डोह होता आणि डोहाला एक वास होता. पाहुणे वेशीपासूनच नाकाला पदर लावत. आजूबाजूच्या गावांत म्हणत, "नाक धरून जा, दोर घेऊन या." गावातल्यांना त्याचे काही वाटत नसे. वास होता म्हणून दोर होता, आणि दोर होता म्हणून चूल पेटत होती.

तुम्ही अंबाडीची भाजी खाल्ली असेल. तीच अंबाडी डोक्याच्या वर वाढू दिली की तिच्या सालीत धागा तयार होतो. पण उभ्या झाडातून तो निघत नाही. ओढाल तर तुटतो. म्हणून या गावचे लोक अंबाडी कापून तिच्या पेंढ्या बांधत, डोहात बुडवत आणि वर दगड ठेवत. खाली चिखलात अंबाडी कुजायची. हिरवी साल काळी पडायची, चिकट व्हायची. मग एक दिवस सगळे गाव कमरेइतक्या पाण्यात उतरून पेंढ्या वर काढी. साल सोलून धुतली की आतून वाख निघायचा, पांढरा, लांब, रेशमासारखा. उभी होती तेव्हा जी अंबाडी शेळीसुद्धा मोडून खायची, तिच्याच वाखाचा दोर दोन बैलांनी ओढला तरी तुटत नसे.

या गावाची एक रीत होती. प्रत्येक घर आपल्या पेंढीला जुन्या दोराच्या तुकड्याने आपली गाठ मारी. एका घराची गाठ दुसऱ्या घरासारखी नसे. आणि पेंढी पाण्यात सोडताना कोणी "जा" म्हणत नसे. लेक सासरी निघाली की जसे म्हणतात तसे म्हणत, "ये गं लवकर." मग बाया गाणे म्हणत आणि ओल्या लुगड्यांनी घरी येत. अंबाडी बुडवताना आजवर कोणी रडले नव्हते.

त्या गावात येशबा नावाचा एक दोरवाला राहत होता. लहानपणी देवी येऊन त्याचे दोन्ही डोळे गेले होते. त्याची बायको सारजा. दोर वळायला दोन माणसे लागतात. एकाने वाख पुरवायचा, दुसऱ्याने पीळ देत मागे मागे चालत जायचे. मागे चालायचे काम येशबाचे. लग्न झाले तेव्हा लोक सारजाला म्हणाले, अगं, आंधळ्याला का पत्करलेस? ती म्हणाली, "उलटं चालणाऱ्याला डोळे असले काय, नसले काय? मी सांभाळते पुढचं."

सारजा गोरी की काळी, हे येशबाला ठाऊक नव्हते. विचारले तर प्रत्येक जण वेगळेच सांगे. त्याला ठाऊक होता तो तिचा उजवा हात. अंगठ्याच्या बुडाशी चिंचोक्याएवढा घट्टा होता. करंगळी वाकडी होती, एकदा दोरात अडकून मोडली होती आणि तशीच जुळली होती. बाजारात गर्दी झाली, जत्रेत चुकामूक झाली, की तो हात पुढे करून उभा राही. दहा जण येऊन हात धरत, थट्टा करत. तो झटकून टाकी. मग ती वाकडी करंगळी त्याच्या मुठीत येई आणि तो म्हणे, "चल."

एके वर्षी, अंबाडी डोहात असतानाच, सारजाला ताप आला. औषधपाणी झाले, प्रार्थना झाल्या. अंबाडी काढायच्या दिवशी सकाळी ती गेली.

येशबा तिच्या उशाशी बसला होता. तिचा उजवा हात त्याने आपल्या हातात धरला होता. काही केल्या तो हात सोडेना.

बायांना तिला न्हाऊ घालायचे होते. गावाबाहेर मातीत जागा खणून झाली होती. दिवस मावळायच्या आत तिला पोचवायला हवे होते. सगळ्यांनी सांगून पाहिले. येशबा ओरडला नाही, रडलाही नाही. एवढेच म्हणाला की हा हात मला परत कुठे मिळेल ते सांगा, मग सोडतो.

सारजाचा भाऊ नारबा तिच्या तापाचे कळल्यावर लांबच्या शहरातून आला होता. त्याचेही डोळे सुजले होते, पण तो धीर देणारा माणूस होता. त्याने मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, हे शरीर म्हणजे जुनं वस्त्र. आक्का ते टाकून देवाघरी गेली. तिचा आत्मा तिथं सुखात आहे."

"असेलच सुखात," येशबा म्हणाला. "पण आत्म्याला करंगळी असते का?"

नारबा म्हणाला की नसावी.

"मग मी तिला ओळखू कशी?"

कोणीतरी म्हणाले, आवाजावरून ओळखशील. येशबा म्हणाला, आवाजाला घसा लागतो, तो तर तुम्ही मातीत घालायला निघालात. आणखी कोणी समजावले की तिथे देव तुला डोळे देईल, तू सगळे बघशील.

येशबाने मान हलवली.

"डोळे घेऊन काय करू? तिचं तोंड मी कधी बघितलंच नाही. दिसेल ती कोणीतरी बाई. मी तिला रामराम करून पुढं निघून जाईन."

गावाच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकबाबा दारापाशी बसले होते. आजवर प्रत्येक मयतीला त्यांनीही हेच सांगितले होते, की आत्मा उडून गेला, राहिला तो पिंजरा. आज ते मान खाली घालून बसले. आपण इतकी वर्षे लोकांना अर्धीच भाकर वाढली, असे त्यांना वाटू लागले.

तेवढ्यात चंद्राआत्या आली. आत्या येशबाची शेजारीण, तोंडाने फटकळ. ती सकाळपासून डोहात होती, कारण अंबाडी एक दिवस जास्त राहिली तर धागाच कुजतो, आणि मग वर्षभर गाव काय खाणार? ती तशीच आली, कमरेपर्यंत चिखलाने भरलेली. खांद्यावर काळी, गळणारी, घाण मारणारी पेंढी होती. नारबाने नाकाला रुमाल लावला. बाया म्हणाल्या, आत्या, मयताच्या घरात हे काय आणलंस, जरा तरी लाज बाळग.

"माझी लाज डोहात राहिली, उद्या काढते," आत्या म्हणाली. "ही ज्याची त्याला द्यायला आले."

आणि तिने ती पेंढी येशबाच्या मांडीवर ठेवली.

येशबाने एका हाताने पेंढी चाचपली. बोटे फिरत फिरत गाठीवर आली आणि थांबली. गावात सगळे फास उजवीकडून घेत, पण सारजाची करंगळी आड येई, म्हणून तिचा फास डावीकडून असे.

"हिची गाठ," तो म्हणाला.

"तिचीच. आजारी पडायच्या आधी तिनंच सोडली होती पेंढी. वाख चांगला झालाय की नाही ते बघ. मला मेलीला कळत नाही."

आत्याला चांगले कळत होते. पण ते ऐकून येशबाची बोटे आपोआप कामाला लागली. त्याने एक काडी ओढली. साल सोलायची तर एका हाताने काडी धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने साल ओढावी लागते. येशबाने दुसरा हात पुढे आणला. सारजाचा हात सुटून हळूच गोधडीवर टेकला. सगळ्यांनी ते पाहिले.

त्याने काळा गाळ निपटला. आत्याने पाण्याचे घंगाळ पुढे सरकवले. त्यात त्याने साल खळबळून धुतली, पिळली, झटकली. लांब पांढरी बट त्याच्या बोटांवरून खाली लोंबू लागली. ती त्याने दोन्ही मुठींत धरून ताणली. तुटली नाही.

मग तो म्हणाला, "बाबा, इथं आहात का?"

पाळकबाबा उठून जवळ आले.

"आपला प्रभू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला म्हणता. तो नुसता आत्मा उठला की हातपाय घेऊन?"

"हातपाय घेऊन," पाळकबाबा म्हणाले. "त्यानं मित्रांसमोर बसून भाजलेला मासा खाल्ला. भूत जेवत नाही."

"नवीन हात होते?"

"तेच होते. खिळ्यांच्या खुणा होत्या त्यांवर. एका शिष्याचा विश्वास बसेना, तर त्याला म्हणाला, हे बघ माझे हात, बोट लावून बघ."

येशबा पुढे झुकला. "म्हणजे बोटानं चाचपून ओळखलं?"

"तसंच म्हण."

"आणि खुणा दुखत होत्या?"

"नाही रे. दुखणं गेलं, खूण राहिली."

येशबा हे शब्द स्वतःशीच पुन्हा म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर असे काही पसरले की बायांनी पदर डोळ्यांना लावला.

"मग तो तिची करंगळी ठेवील?"

पाळकबाबांना खोटे सांगता येत नव्हते. ते म्हणाले, "कशी ठेवील ते मला ठाऊक नाही. वाख कसा निघेल ते हिरव्या अंबाडीकडे बघून कुणाला कळतं? ती आज आहे त्याहून कितीतरी चांगली होऊन निघेल. पण निघेल ती सारजाच, दुसरी कोणी नाही. अंबाडी डोहातून आपल्या आपण वर येत नाही, येशबा. तिला काढणारा लागतो. आणि तो काढणारा स्वतः तळाशी जाऊन आलाय. तो एकाही घराची गाठ विसरणार नाही."

नारबाने रुमाल केव्हाच खिशात ठेवला होता. तो मेव्हण्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला की दाजी, मी चुकीचं बोललो, आक्का जुनं वस्त्र नव्हती. येशबा म्हणाला, "अरे, जुनं वस्त्र तरी आपण कुठं टाकतो? त्याची गोधडी शिवतो." आणि तो हसला. मयताच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसले, आणि तेही ज्याचे माणूस गेले होते तो.

बायांनी सारजाला न्हाऊ घातले, पांढऱ्या कापडात गुंडाळले. कापड बांधायची वेळ आली तेव्हा येशबाने जुन्या दोराचा तुकडा मागितला. त्याने स्वतःच्या हाताने गाठ मारली, फास डावीकडून घेऊन. दिवस मावळायच्या आधी सगळे गाव तिला घेऊन गेले. तिला खाली उतरवताना एका बाईने हंबरडा फोडायला तोंड उघडले, पण येशबाच आधी बोलला. त्याने खड्ड्याच्या काठावर वाकून, लेक सासरी निघाल्यासारखे म्हटले, "ये गं लवकर."

आणि चंद्राआत्याने डोहाचे गाणे सुरू केले. तिचा आवाज काही गोड नव्हता. पण दुसरीने धरले, तिसरीने धरले, आणि मग पुरुषही म्हणू लागले. शेजारच्या गावच्या वाटसरूंना वाटले की इथे लग्न आहे. ते जेवणाच्या आशेने वळून आले आणि कबर पाहून चक्रावून उभे राहिले.

नारबा शहराला परत गेलाच नाही. तो येशबासमोर बसून वाख पुरवू लागला. सुरुवातीला त्याच्या हातून दोर असा निघायचा की येशबा म्हणे, "हा दोर नाही, उंदराची शेपटी आहे. परत कर." येशबा पुढे खूप म्हातारा झाला. दोर वळत मागे मागे चालायचे त्याने शेवटपर्यंत सोडले नाही, आणि मरणाला तो भ्यालाही नाही. त्या गावात त्यानंतर कोणी वारले तर "पुरले" म्हणायची पद्धत उरली नाही. लोक म्हणत, "डोहात ठेवलाय." नवख्या माणसाला आधी भीती वाटे, मग गावकरी समजावून सांगत.

तात्पर्य: जो देव आपल्याला मातीतून उठवणार आहे तो आपल्यालाच उठवणार आहे, म्हणून आपल्या माणसाला मातीत ठेवताना रडावे, पण "ये" म्हणायला विसरू नये.

हे मी दिवेलागणीला लिहून संपवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी आमच्या मंडळीच्या कबरस्तानात गेलो. वडिलांच्या कबरेवरचा लाकडी क्रूस वाऱ्याने कलला होता. तो सरळ केला, बुडाशी दगड ठोकले, भोवतीचे गवत काढले आणि शिट्टी वाजवत कामाला गेलो.