उशिरा आलेली ओ

“म्हणजे तो मेलाच म्हणायचा ना, बाई?”

सुमेध नाडकर विचारत होता तो खोल समुद्रात नांगरलेल्या एका बोयाबद्दल. लाटा मोजणारे असे तरंगते बोये किनाऱ्यापासून पार लांबवर सोडलेले होते. किनाऱ्यावरच्या केंद्रातून उपग्रहामार्फत त्यांच्याशी बोलणं चाले. सुमेधनं त्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहिला होता. तो एकेका बोयाला हाक मारी, ओ यायला किती वेळ लागला ते मोजी, आणि ठरल्या मर्यादेत ओ आली नाही की ‘मृत’ असा शेरा मारून पुढे जाई. सगळ्या समुद्राची हजेरी बघता बघता व्हायची. सुमेधला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायच्या भानगडीत तो पडत नसे.

कुमुदबाईंनी त्याला हे काम शिकवलं होतं. पहिले बोये त्यांनीच पाण्यात सोडले होते.

बाई काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

“बाई?”

...

त्यानं जरा मोठ्यानं विचारलं. आधी वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग वाटलं, रागावल्या असतील. शेवटी तो विचारायचा थांबला आणि समोर नुसता बसून राहिला.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, “नाही.”

“मला वाटलं...”

“मी मेले?”

सुमेधनं मान खाली घातली. बाईंनी त्याला मर्यादा काढून टाकायला सांगितली. एका बोयापायी सगळा प्रोग्रॅम अडून राहील, असं तो म्हणाला. अडू दे, म्हणाल्या.

हाक गेली. पडदा कोरा...

कोराच...

आणि ओ आली.

रोज हजारो उत्तरं येत, पण त्यांतल्या एकाकडेही सुमेधनं कधी थांबून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

त्यानं पुन्हा हाक मारली. या वेळी ओ लगेच आली. त्यापुढची इतक्या उशिरा, की त्यानं आशाच सोडली होती. मधला उपग्रहाचा दुवा बिघडलाय, तो पुटपुटला.

“मोठ्या लाटांखाली बुडून वर येतोय तो,” बाई म्हणाल्या आणि वायरलेसकडे वळल्या.

बाहेर आभाळ निरभ्र होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. म्हणून तर सगळ्या होड्या मासेमारीला गेल्या होत्या. बाईंनी त्यांना माघारी यायला सांगितलं. एका होडीचा तांडेल हसला. दर्या ताटातल्या पाण्यासारखा निवांत आहे, म्हणाला. बाईंनी तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात सांगितलं. त्यानं होडी वळवली.

शेवटची होडी बंदरात शिरली आणि संध्याकाळी लाटा आल्या. वारा नसताना, डोंगरासारख्या. धक्क्यावर उभ्या सुमेधच्या पायांखालचा दगड थरथरला. इतक्या पाण्याखाली जाऊन, दर वेळी वर येऊन, तिकडे कुणीतरी त्याच्या हाकेला ओ देत होतं... कितीतरी वेळ त्याला तिथून हलवेना.

तो केंद्रात परतला, तेव्हा बोया पुरता गप्प झाला होता.

त्यानं हाक मारली. मर्यादेची जागा अजून रिकामीच होती.

“बाई,” त्यानं हळूच विचारलं, “इथं किती लिहू?”

“मर्यादा प्रोग्रॅमला घाल,” बाई म्हणाल्या. “वाट तू पाहा.”