चित्त्याची दोरी

सर्जेराव जहागीरदारांची ऐट मोठी. "मला जागचं हलवील असा पंचक्रोशीत कोणी जन्मला नाही," असं ते सांगत. त्यांचा कुत्रा चित्त्या मात्र रोज त्यांना खाटकाच्या दुकानापर्यंत फरफटत नेई. दोष आला पट्टे शिवणाऱ्या सातप्पावर. त्याने रुंद पट्टा केला, जाड साखळी जोडली. ओढ काही थांबेना.

"उद्या कुत्र्यानं ओढलं, तर तुझं दुकान उठलं म्हणून समज!" सर्जेरावांनी त्याला दम भरला.

सातप्पाला रात्रभर झोप नाही. त्याची बायको गंगू मात्र गालात हसत होती.

सकाळी सर्जेराव चित्त्याला घेऊन बाजारात निघाले, तशी ती एक साधी दोरी घेऊन पुढे आली. तिने चित्त्याला खाटकासमोरच्या दगडी खांबाला बांधलं. कुत्र्याने चार हिसके दिले आणि तो मुकाट बसला.

"शाबास! ही कुठली दोरी?"

"तुमचीच जुनी, सरकार. पण खांब ह्याच्या मागं धावत नाही."

सारा बाजार हसू दाबू लागला. सर्जेराव लाल झाले.

"म्हणजे मी धावतो?"

"छे! तुम्हाला कोण हलवणार? तुम्हीच सांगता की."

आता नाही कसं म्हणणार? सर्जेरावांनी दोरी हातात घेतली आणि पाय रोवले. चित्त्या ओढून ओढून दमला, खाली बसला. त्या दिवशी जहागीरदार जागचे हलले नाहीत, आणि सातप्पाचं दुकानही.